पुलावर काय लिहावं

ऑस्टिनच्या मधोमध पसरलेलं लेडी बर्ड लेक ही मुळात अडवलेली नदी. नदीचं नाव कोलोरॅडो, पण ग्रँड कॅन्यन कोरणारी कोलोरॅडो वेगळी. ही टेक्सासातच उगम पावते आणि टेक्सासातच समुद्राला मिळते. १९६० साली इथे लाँगहॉर्न धरण बांधलं ते वीजकेंद्राला थंड पाणी हवं म्हणून. काठ सुंदर करायचं नंतर सुचलं. आता दोन्ही काठांनी मिळून सोळा किलोमीटरची वाट आहे, ग्रॅनाइटच्या चुऱ्याची, जवळजवळ सपाट, वर सायप्रसची सावली. सहा महिन्यांच्या मुक्कामाला आलेल्या आईवडिलांना कुठे न्यावं असा प्रश्न पडला की इथल्या मराठी मुलांना पहिली हीच जागा आठवते. गुडघ्यांना त्रास नाही, तिकीट नाही, आणि बसायला बाकं आहेत.

माझे वडील, अण्णा, मध्य रेल्वेत भुसावळ विभागात ब्रिज इन्स्पेक्टर होते. माझी बायको रेवती लँडस्केप आर्किटेक्ट आहे. दोघांचं चांगलं जमतं, कारण दोघांनाही वाद घालायला आवडतो आणि दोघांनाही माझ्याशी घालण्यात रस नाही. मी पाण्याची बाटली घेऊन मध्ये चालतो.

झिल्कर पार्कात गाडी लावून दक्षिण काठानं रमतगमत निघालं की अर्ध्या तासाच्या आत फ्लूगर पादचारी पूल लागतो. त्याच्या पूर्वेला, समोरच, रेल्वेचा जुना पूल. मालकी युनियन पॅसिफिक कंपनीची. त्यावरून मालगाड्या जातात आणि शिकागो ते सॅन अँटोनियो धावणारी टेक्सास ईगलही जाते. मागे शहराचे काचेचे मनोरे, पुढे हे काळपट लोखंड, आणि त्या लोखंडावर लांबून वाचता येतील एवढ्या अक्षरांत कोणी कोणी काय काय लिहून ठेवलेलं. खालच्या खांबांवर तर रंग न लागलेली जागा शोधावी लागते.

अण्णा पादचारी पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “कंपनी दिवाळखोर आहे का?”

“नाही हो अण्णा. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या रेल्वे कंपन्यांपैकी आहे.”

“मग रंगवायला पैसे नाहीत?”

“रंगवलेलाच आहे की,” रेवती म्हणाली. “फक्त कंपनीनं नाही रंगवलेला. मी या शहरात आले तेव्हा त्या गर्डरवर ‘निंजा स्टाइल कुंग फू ग्रिप’ असं लिहिलेलं होतं. का, ते कोणालाच सांगता यायचं नाही. नंतर कधीतरी, एका ठिकाणी लक्ष लाव आणि श्वास घे, अशा अर्थाचं आलं. लोक कयाक घेऊन खाली जायचे आणि फोटो काढायचे. आमच्या ऑफिसात एकीनं तो फोटो टेबलावर लावला होता.”

“श्वास घ्यायला पुलानं सांगावं लागतं?”

“लागतं कधीकधी. सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला लागतं.”

इथे मला वाटलं की विषय संपला. पण अण्णांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, लांबचा चष्मा काढून जवळचा घातला, म्हणजे आता ते बोलणार होते.

“रेवती, मी सौंदर्याबद्दल बोलतच नाहीये. ते तुझं खातं. तुला सांगतो, पूल तपासताना माणूस काय करतो. गर्डरला तडा गेला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, केसाएवढा असतो. पण त्यातून पाणी आत जातं, लोखंड गंजतं, आणि रंगावर एक बारीक तपकिरी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे तड्याचा जबाब. म्हणून आपल्याकडे गर्डरला वरचा हात ॲल्युमिनिअमच्या रंगाचा, चंदेरी. चंदेरीवर गंज लगेच कळतो. आता तो गर्डर बघ. निळा, जांभळा, त्यावर काळी कड. त्या काळ्या कडेखाली रेघ असली तर तुझा निंजा सांगणार आहे का?”

“आणि रिव्हेट?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण हे त्यांच्या तोंडून ऐकायला मला लहानपणापासून आवडतं.

अण्णांनी कठड्याच्या एका नटावर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि उजव्या हाताच्या किल्लीनं दुसऱ्या बाजूनं टक् केलं. “रिव्हेटच्या डोक्याला एका बाजूनं हलकी हातोडी मारायची, दुसऱ्या बाजूला बोट धरायचं. घट्ट असेल तर बोटाला काही कळत नाही. ढिला असेल तर बोटाला झिणझिणी येते. एका गाळ्यात हजारो रिव्हेट. वरून जाड रंगाचे थर बसले की बोटही फसतं. हे यंत्रानं होत नाही.”

रेवती गप्प ऐकत होती. तिला असं काही ऐकायला मिळालं की ती वाद विसरते, निदान थोडा वेळ. मग म्हणाली, “पण अण्णा, हे काम कंपनीच्या माणसांचं आहे आणि ती माणसं येऊन ते करत असणार. आम्ही बाकीचे पुलाकडे बघतो तरी का? या नदीवर शहरात किती पूल आहेत. शेजारचा लामार पूल १९४२चा आहे, देखण्या कमानींचा, त्यावरून रोज हजारो गाड्या जातात. त्याचा फोटो टेबलावर कोणी लावत नाही. हा लोखंडाचा ठोकळा आहे, आणि शहराचा लाडका आहे. का? तर त्यावर कोणीतरी काहीतरी म्हणालंय.”

“बघणं वेगळं आणि तपासणं वेगळं.”

“मान्य. पण ज्याच्याकडे कोणी बघतच नाही त्याच्या तपासणीला पैसे तरी कोण देणार?”

अण्णांना हे पटलं नाही, पण ते लगेच उत्तरलेही नाहीत. त्यांचा खरा आक्षेप वेगळाच होता, आणि तो त्यांनी आवाज खाली आणून सांगितला. “रात्री चालू लाइनवरून उतरून, गर्डरला लटकून, खाली पाणी, असं कोणीतरी ते लिहितं ना? तू त्या पोराचा विचार करतेस. मी ड्रायव्हरचा करतो. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंत किलोमीटरच्या वर जाते. समोर माणूस दिसला तर ड्रायव्हरच्या हातात हॉर्न वाजवण्यापलीकडे काही नसतं. आणि नंतर जन्मभर झोप लागत नाही ती त्याला. असे दोघे तिघे मला माहीत आहेत. आपल्याकडे रेल्वे कायद्यात १४७ कलम आहे, हद्दीत विनापरवाना शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. लोक त्याला हसतात. ते कलम रुळांसाठी नाही, माणसांसाठी आहे.”

यावर रेवतीकडे उत्तर नव्हतं, आणि तिनं तसं दाखवायचा प्रयत्नही केला नाही. मला तिचा हा गुण आवडतो. माझं मत विचाराल तर या मुद्द्यापाशी अण्णा निर्विवाद जिंकले होते, आणि ज्या चित्रासाठी कोणाला रुळांवरून उतरावं लागतं त्याचं कौतुक करताना हे विसरणं मला नको तितकं सोयीस्कर वाटतं. तरी वाद तिथे संपला नाही, कारण पुलावर कसं लिहितात हा एक प्रश्न आणि पुलावर लिहावं का हा दुसरा.

आम्ही पूल उतरून पुन्हा काठाच्या वाटेवर आलो. पाटी होती: पोहायला मनाई. १९६४पासून इथे पोहता येत नाही. पाण्याखाली जुन्या पुलांचे आणि पुरात मोडलेल्या बांधकामांचे अवशेष आहेत, हे त्यातलं एक कारण. अण्णांना ते फार आवडलं. “बघ, मोडलेला पूलसुद्धा माणसाला शिस्त लावतो.”

“परवानगीचंच म्हणाल तर,” रेवती म्हणाली, “पुढे काँग्रेस अव्हेन्यूचा पूल आहे. १९८०मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली, आणि त्याच्या खालच्या फटींत वटवाघळं येऊन राहिली. आता उन्हाळ्यात पंधरा लाखांच्या आसपास असतात. सुरुवातीला लोक घाबरले, हाकलून लावा म्हणाले. आज संध्याकाळी ती बाहेर पडताना बघायला पर्यटक सतरंज्या टाकून बसतात. त्यांनी कुठे अर्ज केला होता?”

“त्यांच्या विष्ठेनं पुलाचं काय होतं ते विचार एखाद्या इंजिनिअरला.”

“विचारते ना. तुम्हीच सांगा.”

“चांगलं होत नाही,” अण्णा म्हणाले, आणि हसले. “पण ती फटीत राहतात. ती नावं लिहीत नाहीत. माणूस नाव लिहितो, मला त्याची चीड आहे. गडावर जा, लेण्यात जा, बाण मारलेला बदाम आणि दोन नावं. तो निंजा निदान नाव तरी लिहीत नव्हता.”

“म्हणजे नाव नसेल तर चालेल?”

“परवानगी असेल तर चालेल. मुंबईला तुळशी पाइप रोडला रेल्वेच्या भिंतीवर २००९मध्ये लोकांनी चित्रं काढली होती, महापालिकेच्या संमतीनं. माहीम ते दादर. मी लोकलमधून उतरून मुद्दाम चालत बघितली. छान होती काही. आणि त्या चार इटालियन पोरांना अहमदाबादला मेट्रोच्या डब्यावर स्प्रे मारल्याबद्दल पकडलं, २०२२मध्ये, तेही योग्यच झालं. यात मला विसंगती वाटत नाही.”

आता रेवतीला हवं ते सापडलं. “परवानगीचं इथलं काय झालं ते ऐका. या पुलापासून उत्तरेला, चालत जाण्याच्या अंतरावर, टेकडीवर एक इमारत पाया घालून तशीच सोडून दिलेली होती. नुसत्या काँक्रीटच्या भिंती, पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेल्या. २०११मध्ये तिथे जमीनमालकाच्या संमतीनं होप आउटडोअर गॅलरी सुरू झाली. कोणीही या, रंगवा. लहान मुलं यायची, लग्नाचे फोटो काढायला जोडपी यायची. जगातल्या प्रवासी पुस्तकांत नाव गेलं. रूळ नाहीत, पाणी नाही, ड्रायव्हर नाही, तुमच्या सगळ्या अटी पूर्ण. २०१९च्या जानेवारीत बंद झालं, मग पाडलं. जमिनीला भाव आला होता. आणि हा पूल, ज्याच्यावर लिहायची कोणाला परवानगी नाही, त्यावरची अक्षरं वर्षानुवर्षं टिकतात.”

“कारण कंपनीला ती पुसायला परवडत नाही म्हणून नाही,” अण्णा म्हणाले. “कंपनीला पर्वा नाही म्हणून.”

“तेच म्हणतेय मी.”

“आणि ते तुला चांगलं वाटतं? ज्या मालकाला आपल्या पुलाची पर्वा नाही?”

दोघं एकाच वाक्यावर दोन बाजूंनी येऊन उभे राहिले होते.

तेवढ्यात गाडी आली. आधी हॉर्न, मग पायाखाली जाणवणारा गडगडाट, मग डबे. अमेरिकेतली मालगाडी एवढी लांब असते की बोलणं थांबवून वाट बघण्याचा काही उपयोग नसतो. आम्ही ओरडून बोलत राहिलो. झाकलेले धान्याचे डबे होते आणि बहुतेक डब्यांवर रुंद, फुगीर अक्षरं. अण्णा हात वर करून डबे मोजत असावेत असं मला वाटलं. ते वेगळंच बघत होते.

“नंबर सोडलाय!” ते ओरडले. “बघ, बघ, प्रत्येक डब्याचा नंबर सोडून रंगवलंय!”

खरं होतं. डब्याचा क्रमांक आणि कंपनीची अक्षरं असलेला चौकोन तसाच राखून चित्र त्याच्या भोवतीनं वळलं होतं. रेवतीनं गाडी गेल्यावर सांगितलं की हा या लोकांचा संकेतच आहे. नंबर झाकला तर कंपनीला तो डबा रंगवून घ्यावाच लागतो आणि चित्रही जातं. नंबर ठेवला तर डबा चित्रासकट देशभर फिरतो.

“हे कोणीतरी रेल्वेतलंच असणार,” अण्णा म्हणाले.

“सुरुवातीचे होतेच. डब्यांवर खडूनं चित्रं काढायची इकडची जुनी रीत आहे. बोझो टेक्सिनो नावानं एक माणूस काढायचा, मोठी टोपी घातलेला चेहरा, ती टोपी थेट अनंताच्या चिन्हासारखी आडवी. तो टेक्सासातला रेल्वे कर्मचारीच होता. त्याच्यावर २००५मध्ये माहितीपटही झाला.”

अण्णांना हे ऐकून जो आनंद झाला तो मी क्वचितच पाहिला आहे. “आमच्याकडे टीएक्सआर असायचे. डबे तपासणारे. डब्यात दोष सापडला की खडूनं मोठं लिहायचे, सिक. मग तो डबा सिक लाइनला. त्यातला एक जण, नाव नाही सांगत, सिकच्या शेजारी थर्मामीटर काढायचा. तोंडात धरलेला. साहेबानं पाहिलं तर म्हणायचा, पोर्टरला वाचता येत नाही, चित्र कळतं.”

“मग तो काय होता, अण्णा? विद्रूपीकरण?”

“तो ड्यूटीवर होता,” अण्णा म्हणाले. पण ते तितकंसं ठामपणे म्हणाले नाहीत.

रेल्वेच्या पुलाखाली आलो तेव्हा सावली होती आणि ओल होती. एका खांबावर रंगाचा पापुद्रा सुटून ओठासारखा बाहेर आला होता. अण्णांनी नखानं त्याचा कोपरा मोडला आणि तो तुकडा उजेडात आडवा धरला. चार-पाच मिलिमीटर जाडीचा असेल. कडेला बारीक बारीक पट्ट्या: पांढरा, लाल, पुन्हा पांढरा, चंदेरी, मळका हिरवा, काळा, गुलाबी. प्रत्येक पट्टी म्हणजे कोणीतरी आधीच्याचं झाकून लिहिलेलं. शेवटच्या पट्टीला खांबाची वाळू चिकटून आली होती.

“यात प्रायमर नाहीच,” अण्णा म्हणाले. “खरवडलं नाही, धुतलं नाही, तसंच मारलं. म्हणून सुटतं.” आणि तो तुकडा त्यांनी रेवतीला दिला.

“लेडी बर्ड जॉन्सनचं काय मत असतं, कोण जाणे,” रेवती म्हणाली. “तिचा नवरा राष्ट्राध्यक्ष असताना तिनं हायवेच्या कडेचे जाहिरातीचे फलक हटवण्यासाठी जंग जंग पछाडलं होतं. १९६५चा कायदा तिच्या नावानंच ओळखतात. या तळ्याला आपलं नाव द्यायला ती हयात असेपर्यंत नको म्हणाली. २००७मध्ये ती गेल्यावर दिलं. आणि आता तिच्या तळ्यावर हा लिहिलेला पूल.”

“तिला जाहिराती नको होत्या ना? मग मी तिच्या बाजूचा. खंडाळ्याचा अमृतांजन पूल आठव.” अण्णा माझ्याकडे वळले. “१८३०चा पूल. इंग्रजांनी घाटरस्त्यासाठी बांधलेला. आणि ओळखला कशानं जायचा? डोकेदुखीच्या बामच्या जाहिरातीनं. सरकारी कागदातही तेच नाव. कंपनीनं पैसे भरले म्हणून ते लिहिणं कायदेशीर. त्या पुलाखालून गेलेल्या एकालाही विचार, तो कोणी बांधला? सांगता येणार नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये, लॉकडाउनमध्ये, रस्ते मोकळे होते तेव्हा पाडून टाकला.”

“म्हणजे पैसे भरले तर चालतं.”

“मी चालतं म्हणालो का? चाललं म्हणालो.”

मला वाटतं, या ठिकाणी दोघांचा वाद परवानगीवरून सरकला होता आणि त्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. परवाना असलेलं लेखन पुलांवर भरपूर असतं. ते वाचतं कोण, हा प्रश्न होता. मी तो विचारला, त्या दिवशीचं माझं एकमेव योगदान.

अण्णा थोडं अंतर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कुंडमळ्याला पाटी होती.”

रेवतीनं विचारलं, कुठल्या कुंडमळ्याला. मी सांगितलं: पुण्याजवळ, इंद्रायणीवर, १५ जून २०२५, रविवार. पाऊस पडलेला, नदी भरलेली, आणि जुन्या लोखंडी पुलावर फिरायला आलेल्यांची गर्दी. पूल कोसळला, चौघं गेले.

“धोकादायक म्हणून पाटी होती,” अण्णा म्हणाले. “सरकारी पाटी. नियमानुसार, योग्य रंगात. तिच्या शेजारी उभं राहून लोकांनी सेल्फी काढले असणार.”

“पाटी वाचायची सवयच नाही आपल्याला,” मी म्हणालो.

“वाचण्यासारखी लिहिलेली नसते,” रेवती म्हणाली. “तुम्ही काय काय लिहिता अण्णा पुलावर?”

“पुलाचा नंबर. पिअरवर पुराची खूण, महत्तम पातळी, तिच्याखाली धोक्याची पातळी, लाल पट्टा. आणि गर्डरवर शेवटचं रंगकाम कधी झालं ती तारीख. डीओपी लिहायचं, पुढे महिना आणि साल.”

“केवढ्या अक्षरांत?”

अण्णांनी अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली. वीतभरसुद्धा नाही.

“म्हणजे पुलावरची सगळ्यात कामाची गोष्ट सगळ्यात लहान.”

“ज्याला वाचायची असते त्याला दिसते.”

“आणि ज्याला वाचायला हवी त्याला? हे वरती,” तिनं गर्डरकडे बोट केलं, “हे एकही माणूस न वाचता खालून गेला नाही. अण्णा, कंपनीनं उद्या तुम्हाला परवानगी दिली, दिवसाढवळ्या, गाडी बंद ठेवून, मचाण बांधून, तर तुम्ही काय लिहाल?”

“तपासणीची तारीख.”

“कुठे?”

“तिथेच. मधल्या गाळ्यावर.”

“केवढी?”

अण्णांनी गर्डरकडे पाहिलं, मग पादचारी पुलाकडे, जिथून आम्ही आलो होतो. ते अंतर मोजत होते, हे मला कळत होतं. “माणूसभर उंच,” ते म्हणाले. “तिकडून वाचता यायला पाहिजे. आणि पुढची तपासणी कधी, तेही. म्हणजे ती तारीख उलटली की लोक विचारतील.”

“रंग मी ठरवणार.”

“जांभळा नको.”

“पिवळा. काळी कड.”

“कड नको,” अण्णा म्हणाले. “कडेखाली गंज दिसत नाही.”